नरहरीअण्णांची साक्ष

मी खोली बघायला गेले होते आणि पाऊण तास करारनामा ऐकत बसले. नरहरीअण्णांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

नव्वद साल होतं. बंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात मला इंजिनिअरची नोकरी लागली होती. नागपूरहून एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन आले होते, आणि कन्नडचा एक शब्द येत नव्हता. कोरमंगला तेव्हा अगदी शांत होतं. आज तिथं दर दोन इमारतींमागं एक पीजी आणि तीन हॉटेलं आहेत. तेव्हा बसमधून उतरलं की नारळाची झाडं, रिकामे प्लॉट आणि अधूनमधून एखादं घर. त्यातलंच एक अण्णांचं. मराठी बोलणारे घरमालक म्हणून कुणीतरी पत्ता दिला होता.

करारनामा चार पानी, कन्नडमधला. अण्णा एकेक कलम आधी कन्नडमध्ये वाचायचे, मग त्यांच्या मराठीत अर्थ सांगायचे आणि मग विचारायचे, "समजलं? काय समजलं ते सांग की." मला उत्तर द्यावं लागायचं. सातव्या कलमाला माझा धीर सुटला. म्हटलं, "अण्णा, द्या ना, करते सही. माझा विश्वास आहे तुमच्यावर."

त्यांनी चष्मा काढला. "विश्वास देवळात. इथं कान दे."

उरलेली पाच कलमंही ऐकली. त्या दिवसापासून मी त्यांची 'नागपूर' झाले. माझं नाव त्यांनी आठ वर्षांत चार-पाच वेळा घेतलं असेल, तेही माझ्यावर रागावल्यावर.

अण्णांचे कुणी पणजोबा-खापरपणजोबा फौजेबरोबर इकडं आले आणि परत जायचं राहून गेलं. घरातली मराठी त्यामुळे शंभर-दीडशे वर्षं कन्नडच्या शेजारी राहून तिच्यासारखीच झालेली. "ऊट झाली का?" म्हणजे जेवलीस का. "स्वल्प थांब" म्हणजे जरा थांब. मी पहिल्यांदा हसले तेव्हा त्यांच्या पत्नी, पद्माअक्का, म्हणाल्या, "हस हस. दोन वर्षांनी तू पण असंच बोलशील." त्यांचं बरोबर होतं.

अण्णा तालुका कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं नोकरी. निवृत्तीनंतरही सकाळी आठ ते दहा व्हरांड्यात टेबल मांडून बसायचे आणि येईल त्याचा अर्ज लिहून द्यायचे. बांधकामावरचे मजूर, फुलवाल्या, पेन्शन अडकलेल्या म्हाताऱ्या. फी काही नाही. फार तर कुणी नारळ आणून ठेवायचं. अक्कांचं त्यावरून रोजचं ठरलेलं, "अय्यो, घर आहे की नारळाची वखार?"

त्यांचा सगळा अभिमान एका वाक्यात मावायचा: छत्तीस वर्षांत वाचून न दाखवता एकाही माणसाचा अंगठा घेतला नाही. एकदा म्हणे साहेबांची जीप बाहेर धूर सोडत उभी आणि अकरा शेतकऱ्यांचे अंगठे हवे होते. अण्णांनी अकराही जणांना सगळा कागद वेगवेगळा वाचून दाखवला. साहेब पाय आपटत निघून गेले आणि महिन्याभरात अण्णांची बदली आडगावी झाली. ही गोष्ट ते पदक दाखवावं तशी सांगायचे. "निरक्षर माणसाचा अंगठा म्हणजे त्याचा गळा, नागपूर. आपल्या हातात देतो तो."

दुसरं एक तंत्र होतं त्यांचं. कामावर मी तीन दिवस उशिरा रुजू झाले होते आणि ते तीन दिवस माझ्या सेवेत धरायला कार्यालय तयार नव्हतं. मी आजारपणाचं काहीतरी लिहिणार होते. अण्णांनी कागद काढून घेतला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं की अर्जदार तीन दिवस उशिरा आली, चूक तिची आहे, आणि ती माफ करण्याचा साहेबांना अधिकार आहे. आठवड्यात मंजुरी आली. "खोड आपणच सांगावी," ते म्हणाले. "म्हणजे दुसऱ्याला ती शोधून काढल्याचं सुख मिळत नाही. अधिकारी माफ करतो. माफ करायला कुणाला आवडत नाही?" मला ते इतकं पटलं की मी कारखान्यातही सगळ्यांना तसंच लिहायला शिकवत सुटले.

घराच्या मागच्या बाजूला एक सुटी खोली होती. तिथं पुष्पराणी राहायच्या. श्रीलंकेतल्या, जाफन्याजवळच्या गावातल्या शाळेत गणित शिकवणाऱ्या. वय चाळिशीचं. शाळा बॉम्बनं पडली, नवरा त्याआधीच गेला होता. बोटीतून समुद्र ओलांडून रामेश्वरच्या बाजूला उतरल्या, निर्वासितांच्या शिबिरात दीड वर्ष काढलं आणि एक दिवस कुणाला न विचारता बंगळूरला भावाकडे आल्या. पुढं भाऊ कॅनडाला गेला आणि बहिणीला बोलावून घेण्याच्या खटपटीला लागला. त्या आमच्या मागच्या खोलीत वाट बघत होत्या, आणि आसपासच्या मुलांना गणित शिकवत होत्या. आम्ही सगळे त्यांना टीचरच म्हणायचो. अण्णा त्यांच्याशी बंगळुरी तमिळमध्ये बोलत, मी इंग्रजीत, आणि अक्का सरळ मराठीत. आश्चर्य म्हणजे अक्कांचंच त्यांच्याशी सगळ्यात जमायचं. अण्णांच्या नारळांना टीचरच्या रूपानं गिऱ्हाईक मिळालं होतं. खोबरं, मिरची आणि लिंबू वाटून त्या एक चटणी करायच्या. मूळच्या चटणीत सुकी मासळी घालतात, पण अक्कांसाठी त्यांनी ती वगळली होती.

एक्क्याण्णवच्या मे महिन्यात शेजारच्या राज्यात प्रचारसभेत स्फोट झाला आणि माजी पंतप्रधान मारले गेले. ऑगस्टमध्ये त्या कटातली माणसं बंगळूरच्याच कडेला एका भाड्याच्या घरात सापडली. त्यानंतर या शहरातल्या प्रत्येक घरमालकाची झोप उडाली. श्रीलंकेतून आलेल्या प्रत्येकानं नोंदणी करावी असं फर्मान निघालं. तमिळ बोलणारा कुणीही नवखा माणूस दिसला की लोक दार लावून घेऊ लागले. समोरच्या बंगल्यातले गृहस्थ येऊन म्हणाले, "राव, त्या बाईंना आजच जायला सांगा. आपल्याला कशाला नसती ब्याद?"

"जाऊन राहणार कुठं?" अण्णांनी विचारलं.

अक्कांनी स्वयंपाकघरातून तोडगा काढला. "कोलारची आहे म्हणा की. सोन्याच्या खाणीतली. तिकडं सगळे तमिळच. कोण बघायला जातंय?"

"खोटं एकदा लिहिलं की जन्मभर त्याच्या नकला काढत बसावं लागतं," अण्णा म्हणाले. "ती चोर आहे काय लपायला? ताठ मानेनं जाईल. मी घेऊन जाईन."

रविवारी सकाळी त्यांनी अर्ज लिहिला. मी तिथंच कॉफी पीत बसले होते. कन्नडमध्ये, त्यांच्या त्या कोरल्यासारख्या अक्षरात. नाव, गाव, कधी आल्या, कुठं राहतात. आणि दुसऱ्या परिच्छेदात त्यांचं नेहमीचं तंत्र: अर्जदार शिबिर सोडून परवानगीशिवाय आली आहे, ही तिची चूक ती स्वतःहून कबूल करते आणि साहेबांनी ती माफ करावी.

टीचरना कन्नड वाचता येत नव्हतं. अण्णांनी आधी कन्नडमध्ये वाचलं, मग ओळ न ओळ तमिळमध्ये सांगितलं, मग सगळं पुन्हा एकदा. दुसऱ्या परिच्छेदाशी टीचरनी हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा.

"हे वाक्य हवंच का?"

"हवंच," अण्णा म्हणाले. "यानंच तुम्ही सुटाल."

टीचरनी मान डोलावली. तरी अण्णांनी तो परिच्छेद तिसऱ्यांदा वाचून दाखवला, काय समजलं ते विचारलं, आणि मगच पेन पुढं केलं. टीचरनी तमिळमध्ये सही केली.

सोमवारी बंद गळ्याचा कोट घालून अण्णा त्यांना कचेरीत घेऊन गेले. पुढचं मला त्यांनीच सांगितलं, एकदाच. साहेब सभ्य होते. अक्षराचं कौतुक केलं, "जुन्या लोकांचं काम बघा" असं शेजारच्याला म्हणाले. मग दुसऱ्या परिच्छेदाशी थांबले आणि त्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ ओढली. टीचरना आतल्या खोलीत बसायला सांगितलं. अण्णांना वाटलं, चहा देतील, शिक्का मारतील. कचेरी बंद होईपर्यंत ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. शेवटी शिपायानं टीचरची छत्री आणून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "स्वामी, तुम्ही जा. बाईंना अटक झाली आहे. त्यांनी लिहूनच दिलंय ना."

अण्णा छत्री घेऊन घरी आले. अक्कांनी विचारलं, "ती कुठं?" अण्णा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले. सगळं कळल्यावर अक्का म्हणाल्या, "कोलारची म्हणाला असता तर आत्ता इथं खोबरं खवत बसली असती." पुढचे कित्येक दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या आणि निघून जायच्या. मीही त्यांच्या बाजूनं होते, हे आज लाज न बाळगता सांगते. मला अण्णांचा संताप आला होता.

गुन्हा दाखल झाला. परवानगीशिवाय शिबिर सोडणं, बेकायदा राहणं. टीचर कारागृहात गेल्या. अण्णांनी वकील दिला, घराच्या कागदांवर स्वतः जामीन राहिले, आणि दोन महिन्यांनी न्यायालयानं जामीन मंजूर केला. आम्ही तिघं आणायला गेलो. अक्कांनी डब्यात भात नेला होता. मोठ्या दारातलं लहान दार उघडलं, टीचर वाकून बाहेर आल्या, अक्कांकडं बघून हसल्या, आणि तिथंच उभ्या असलेल्या महिला पोलिसांनी त्यांना दुसरा कागद दाखवून जीपमध्ये बसवलं. परदेशी व्यक्ती म्हणून वेगळा हुकूम निघाला होता. खटला संपेपर्यंत सरकारी महिलागृहात ठेवायचं. अण्णा जीपच्या मागं काही पावलं धावले. "पण जामीन आहे! न्यायालयाची सही आहे!" जीपमधल्या बाईंनी हात जोडून दाखवले. त्यांच्याकडंही सहीचाच कागद होता.

मी अण्णांना रडताना तेव्हा पाहिलं. रागावणं मग मला जमलं नाही.

महिलागृहात दर गुरुवारी भेट मिळायची. अण्णांनी सव्वा वर्षात एकही गुरुवार चुकवला नाही. तापातसुद्धा गेले. मी कधी कधी सोबत असायचे. टीचरनी त्यांना एकदाही बोल लावला नाही, आणि तेच त्यांना सोसायचं नाही. एकदा जाळीपलीकडून त्यांनी शांतपणे विचारलं, "अण्णा, शिबिरात एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बावीस जण होतो. शिकवायला काम नव्हतं. मी भावाकडे आले. यात मी नेमकं कुणाचं काय घेतलं?"

परत येताना बसमध्ये अण्णा मला म्हणाले, "आमचे पणजोबा कुठला परवाना घेऊन आले होते, नागपूर? तलवार घेऊन आले. त्यांना जहागीर मिळाली."

त्र्याण्णवच्या सुरुवातीला कॅनडाहून भावाचं पत्र आलं. तिकडचं सगळं जमत आलं होतं. फक्त एक फॉर्म भरायचा होता, आणि त्यात प्रश्न होता: कुठल्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? इकडं वकील म्हणत होते, "गुन्हा कबूल करून टाका. आत काढलेले दिवस हीच शिक्षा धरतील, चार दिवसांत बाहेर." म्हणजे कबूल केलं तर इथून सुटका, पण कॅनडाचं दार बंद. लढलं तर पुरावा समोर होताच, आणि तो अण्णांच्या हातचा होता. शिबिराकडून मागवलेले कागद दीड वर्षात आलेच नव्हते. तो एक अर्ज सोडला तर सरकारजवळ त्यांच्याविरुद्ध काही नव्हतं.

अर्ज सिद्ध करायला सरकारी वकिलांनी अण्णांनाच साक्षीला बोलावलं. मी रजा काढून गेले. अण्णांनी तोच बंद गळ्याचा कोट घातला होता. देवाची शपथ घेतली. अक्षर माझं, म्हणाले. मग वकिलांनी, वही चाळता चाळता विचारावं तसा, रीतीचा प्रश्न विचारला.

"आरोपीला सगळं वाचून, समजावूनच सही घेतली होती ना?"

अण्णा कठड्याला धरून उभे होते. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही.

"नाही," ते म्हणाले.

वकिलांनी वही बंद केली. "नाही म्हणजे?"

"वाचून दाखवलं नाही. त्यांना कन्नड येत नाही. मी म्हटलं इथं सही करा, त्यांनी केली."

"मग शिबिर सोडल्याची माहिती तुम्हाला कुणी दिली?"

"कुणी नाही. तिकडचे लोक असेच येतात असं ऐकलं होतं. मी माझ्या मनानं घातलं."

आरोपीच्या जागी उभ्या टीचर ताडकन पुढं झाल्या. त्यांच्या वकिलांनी हातानंच त्यांना थांबवलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून अण्णांकडं पाहिलं. "तुम्ही शिरस्तेदार होता ना?"

"होतो, स्वामी."

"लोकांचे अर्ज असेच लिहीत होता? न वाचून दाखवता?"

इतकं तरी ते टाळतील असं मला वाटलं. एवढ्या एकाच वेळी चूक झाली, असं म्हणता आलं असतं. पण मग नेमकं याच वेळी का, ही शंका उरली असती.

"हो, स्वामी," अण्णा म्हणाले. "असेच लिहीत होतो."

मी हे आज लिहू शकते, कारण टीचर कॅनडाच्या नागरिक होऊन बरीच वर्षं झाली आणि त्यांची हरकत नाही असं त्यांनीच मला कळवलं आहे. अर्ज लिहिला त्या रविवारी मी तिथं होते. नरहरीअण्णा त्यांच्या साऱ्या आयुष्यात खोटं बोलले ते साक्षीच्या दिवशी, आणि शपथेवर.

टीचर निर्दोष सुटल्या. निकालपत्रात अण्णांबद्दल तीन ओळी होत्या: अशा बेजबाबदार लेखनिकानं निरक्षर व गरजू लोकांचे अर्ज लिहिणं धोक्याचं आहे, त्यानं यापुढं हे काम करू नये. अण्णांनी नक्कल मागवली आणि ती व्हरांड्यात बसून मला मोठ्यानं वाचून दाखवली. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक. "भाषा चांगली आहे."

टीचर पाच आठवडे पुन्हा मागच्या खोलीत राहिल्या. आल्या त्या दिवशी त्यांनी अण्णांना म्हटलं, "तुम्ही तीनदा वाचलं होतं. मला समजलं होतं. मी सही केली होती." अण्णांनी इकडंतिकडं बघितलं आणि ओठावर बोट ठेवलं. निघायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांना समोर बसवून घेतलं. "तिकडं कुणी विचारलं तर काय सांगाल?"

टीचरनी मान खाली घातली.

"मला वाचून दाखवलं नव्हतं. म्हणा."

त्या कशाबशा म्हणाल्या.

"परत. डोळे खाली न घालता."

तीन वेळा म्हणवून घेतलं त्यांनी. तिसऱ्या वेळी टीचरना हुंदका आवरला नाही. अण्णा म्हणाले, "स्वल्प बरं झालं. रडू नका, रडलं की खोटं वाटतं." आणि मग स्वतःच उठून आत गेले.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. व्हरांड्यातली माणसं कमी होत गेली. लोक कोपऱ्यावरच्या टायपिस्टकडे जाऊ लागले. फुलं विकणारी गौरम्मा, जिच्या विधवा-पेन्शनसाठी अण्णांनी चार वर्षं अर्ज लिहिले होते, एक दिवस येऊन खालच्या पायरीवर उभी राहिली. "अण्णा, लोक म्हणतात ते खरं का? माझ्या कागदांवर पण तुम्ही मनानं काही लिहिलंत का?"

मी जिन्यावर होते. माझ्या तोंडाशी आलं होतं. अण्णांनी माझ्याकडं एकदा बघितलं, आणि मी गप्प झाले.

"तू कागद दुसऱ्याकडून तपासून घे, गौरम्मा," ते म्हणाले. "त्यात वाईट काही नाही."

नंतर मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, निदान हिला तरी सांगा, ही कुणाला बोलणार आहे? त्या दिवशी त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली. "सुनंदा, टीचरचं तिकडचं काम अजून कच्चं आहे. असली प्रकरणं उघडायला एक तोंड पुरतं." टेबल त्यांनी आत नेऊन ठेवलं. सकाळी आठ ते दहा ते तसेच व्हरांड्यात बसायचे, पेपर वाचत.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये अण्णा गेले. आदल्या दिवशीपर्यंत बरे होते. तेराव्याला त्यांच्या कचेरीतले दोन-तीन वृद्ध सहकारी आले होते. पानावर बसल्यावर त्यांच्यातले एक मला म्हणाले, "देवमाणूस होता हो. पण कागदाच्या बाबतीत असा निष्काळजी निघेल असं वाटलं नव्हतं. छत्तीस वर्षं आम्हाला फसवलंन्."

पद्माअक्का भाताची परात घेऊन समोरच उभ्या होत्या. टीचरचं पत्र आठच दिवसांपूर्वी आलं होतं. तिकडचे कागद पक्के व्हायला अजून वर्ष होतं. अक्कांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी त्यांच्या पानात भात वाढला.

"हो की," त्या म्हणाल्या. "तसे निष्काळजीच होते."